खरवडलेली चित्रगुहा आणि तेवीस जणांची सहल : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर आणि सुदामा नगर भागातल्या काही मराठी कुटुंबांचा हा भटका गट. वर्षाला चार-पाच सहली, बहुतेक एका दिवसाच्या. डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांनी चित्रगुहा पाहायला जायचं ठरवलं. भोपाळजवळचं भीमबेटका सगळ्यांचं पाहून झालेलं होतं. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला राहून काम केलेल्या विष्णु श्रीधर तथा हरिभाऊ वाकणकरांनी १९५७ मध्ये तिथले शैलाश्रय, म्हणजे पुढे आलेल्या खडकाखालचे निवारे, उजेडात आणले, हे या घरांतल्या मुलांनाही माहीत होतं. पण भीमबेटक्याला कठडे आहेत, पहारा आहे, ठरलेली वाट आहे. या वेळी लोकांना आडरानातली, पाटी नसलेली जागा पाहायची होती.

इंदूरच्या आसपास सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. मध्य प्रदेशातले चित्रं असलेले आश्रय बहुतेक वालुकाश्मात आहेत, त्यामुळे त्या पट्ट्यात पोचायला गाडीनं साडेचार तास लागले. जागेचं आणि गावाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. अशा जागेचा पत्ता पसरणं हेच तिच्यावरचं पहिलं संकट असतं, आणि या प्रकरणातही ते घडलंच.

गटात १५ मोठे आणि ८ मुलं होती. नेतृत्व भूगोलाच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे होतं. सगळे त्यांना काकू म्हणतात. वाट दाखवायला गावातले एक जाणते गृहस्थ होते, त्यांना गाव बासाब म्हणतं. सामानाची तयारी चोख होती: माणशी तीन लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी, सहा विजेऱ्या, दोन शिट्ट्या, दोर, कचऱ्याच्या पिशव्या. नव्हतं ते एकच. गुहेत काय करायचं नाही, हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. गाडीतले साडेचार तास अंताक्षरीत गेले आणि सूचना 'पोचल्यावर सांगू' म्हणून राहिल्या.

काय दिसलं

सागाच्या वाळलेल्या पाचोळ्यातून पावणेदोन किलोमीटर चालल्यावर आश्रय लागला. तोंड २२ मीटर रुंद, खोली ६ मीटर. छत तोंडाशी साधारण पाच मीटर उंच आणि आत दीड मीटरपर्यंत उतरत गेलेलं. डाव्या कोपऱ्यात एक चिंचोळी अंधारी खोली. भिंतीवर लाल गेरू आणि पांढऱ्या रंगातली चित्रं: हरणं, धनुर्धारी, वशिंडाचे बैल, आणि बऱ्याच नंतरच्या काळातला एक घोडेस्वार.

त्यांच्यावरच नुकसान होतं. टोकदार वस्तूनं कोरलेली ११ नावं, त्यांपैकी एकाखाली मोबाइल नंबर. निळ्या ऑइल पेंटनं लिहिलेली तीन नावं आणि एक बाण. डाव्या बाजूला छतापर्यंत चढलेली सव्वा मीटर रुंदीची काजळी. तिच्याखाली तीन दगडांची चूल, फुटक्या बाटल्या, पत्रावळी. चुलीमागचा पिवळसर दगड लालसर झाला होता. वालुकाश्मातली लोहाची पिवळी संयुगं अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापली की लाल पडतात. इथे एखाद-दुसऱ्या वेळी चहा झाला नव्हता, बराच काळ मोठा जाळ झाला होता, हे त्या रंगावरून कळत होतं.

सगळ्यात वाईट जखम मधल्या भागात होती. वीतभर लांबीची एक हरिणी, आणि तिच्या पोटात बाहेरून दिसावं तसं रंगवलेलं पाडस. पोट पारदर्शक दाखवायची ही रीत मध्य भारतातल्या जुन्या शैलचित्रांत आढळते. एका नावातल्या 'रा'चा काना या हरिणीच्या पुढच्या दोन्ही पायांतून खाली उतरला होता, दोन-तीन मिलिमीटर खोल. रंगाचा थर कागदाहून पातळ असतो. म्हणजे त्या रेघेत रंग उरलेला नव्हताच, खालचा कोरा दगड उघडा पडला होता आणि त्याचे कण बोटभर खालच्या कंगोऱ्यावर अजून साचलेले होते. खरवड ताजी असल्याची तीच खूण. जुन्या खरवडीचा रंग आजूबाजूच्या दगडासारखा मळकट होतो, तिच्यात कोळ्याची जाळी आणि दगडफूल धरतं. या कसोटीवर ११ पैकी ४ नावं जुनी आणि ७ अलीकडची ठरली.

पहिली दहा मिनिटं

गटाच्या हातून तीन चुका झाल्या, त्या इथेच. कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

एका गृहस्थांनी मुलांना चित्र नीट दिसावं म्हणून बाटलीतलं पाणी पुसट हरणावर शिंपडलं. ओला गेरू क्षणभर गडद दिसतो, म्हणून ही सवय फार जुनी आहे. एके काळी अभ्यासकही असं करत. पण दगडात शिरलेलं पाणी आतले क्षार विरघळवतं आणि सुकताना ते पृष्ठभागावर आणून सोडतं. पुन्हा पुन्हा असं झालं की चित्रावर पांढुरका पडदा येतो, आणि क्षारांचे स्फटिक वाढताना रंगाचे कण उचकटले जातात. शिवाय हे बोअरचं जड पाणी होतं.

दोन मुलांनी झाडाच्या डहाळीनं जमीन झाडायला घेतली. आश्रयाच्या जमिनीवरची ती राखाडी माती म्हणजे कचरा नसतो. कॅल्सेडनी आणि चर्ट या गारगोटीसारख्या दगडांच्या, जुन्या माणसांनी हत्यारांसाठी काढलेल्या नखाएवढ्या पात्या, जुना कोळसा, कधी रंगाचा गोळा याच थरात असतो, आणि कुठली वस्तू कुठे पडली आहे यालाच अभ्यासात किंमत असते. एक झाडू फिरला की ती मांडणी कायमची मोडते.

तिसरी चूक फोनवर झाली. एका तरुणानं हरिणीचा फोटो जागेच्या खुणेसकट तीन ग्रुपांवर टाकला.

काकूंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना तोंडाबाहेरच्या मोकळ्या खडकावर बसवलं आणि बासाबांना विचारलं, "दर वर्षी असंच होतं का?" बासाब म्हणाले, "जबसे रस्ता बना, तबसे." दोन वर्षांपूर्वी पायथ्यापर्यंत जीपचा कच्चा रस्ता झाला होता. पुढे काय करायचं, याचं उत्तर बरंचसं या एका वाक्यात होतं, पण ते लक्षात यायला वेळ लागला.

निर्णयाची पहिली जागा : आत जायचं का?

मुलांना अंधाऱ्या खोलीचं आकर्षण होतं. दोन गोष्टी विरोधात होत्या. खोलीच्या तोंडाशी, चुलीच्या अगदी जवळ, छताचा ताटाएवढा पापुद्रा खाली पडलेला होता. तापलेला वालुकाश्म बाहेरून फुगतो आणि आत थंड राहतो, त्यामुळे थर सुटतात. ते जाळ विझल्यावर महिन्यांनीही पडू शकतात. आत वटवाघळंही होती. थंडीत सुस्तावलेली वटवाघळं उजेडानं आणि आवाजानं उठली की साठवलेली ताकद खर्च करतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाणं माणसालाही बरं नाही. कोणीही आत गेलं नाही. खोलीच्या तोंडाबाहेरून, छताच्या सुटलेल्या भागाखाली न जाता, मंद विजेरीत दोन फोटो घेतले. छत काठीनं ठोकून 'पोकळ वाजतं का' पाहायची सूचनाही आली. ती नाकारली, आणि ते बरोबरच होतं.

याच वेळी एका मुलानं ड्रोन काढला. तो उडवू दिला नाही, कारण वरच्या कंगोऱ्याला आग्यामोहोळाची तीन पोळी होती. कंप पावणारा आवाज, धूर आणि उग्र अत्तर यांनी ही माशी उठते. उठली तर हात न झटकता, तोंड झाकून, ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं दोन-तीनशे मीटर पळायचं, हे तेव्हा सगळ्यांना सांगितलं गेलं. खरं तर ते खालीच सांगायला हवं होतं.

निर्णयाची दुसरी जागा : पुसून टाकायचं का?

सगळ्यात लांबलेली चर्चा हीच. गटात रंगकामाचे एक ठेकेदार होते. गाडीत थिनर, तारेचा ब्रश आणि चिंध्या होत्या. त्यांचं म्हणणं वजनदार होतं: लिहिलेलं राहू दिलं की त्याच्या शेजारी दुसरं लिहिलं जातं, लवकर पुसलं तर हात थांबतात. हे निरीक्षण खोटं नाही, वारसास्थळांची देखभाल करणारेही हेच म्हणतात. ऑइल पेंट जितका जुना होईल तितका कडक होतो, हाही त्यांचा मुद्दा खरा.

काकूंनी दगडाचा स्वभाव सांगितला. वालुकाश्म साखरेच्या वडीसारखा असतो: दाणे आणि दाण्यांमध्ये पोकळी. थिनर ओतला की वरचा रंग पातळ होऊन या पोकळ्यांत उतरतो. मग वरचं नाव जातं आणि आतला डाग कायम राहतो, तोही पसरून. तारेचा ब्रश तर दगडाचे दाणेच काढतो. आणि निळ्या रंगाखाली गेरू आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून पुसणारा काय पुसतोय हे त्याचं त्यालाच माहीत नसतं.

ठेकेदार तेव्हा थांबले, पण पटले नव्हते. त्यांनी केलेली पुढची गोष्ट या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी आहे. परतताना रस्त्याच्या कटाईत पडलेला त्याच जातीचा एक दगड त्यांनी घेतला. घरी त्यावर दोन सेंटीमीटर रुंद निळी रेघ ओढली, आठवडाभर वाळू दिली आणि थिनरनं पुसली. रेघ गेली, तिच्या जागी साडेतीन सेंटीमीटर रुंदीचा फिकट निळा डाग उरला. दगड फोडल्यावर रंग चार मिलिमीटर आत गेलेला दिसला. पुढच्या बैठकीला त्यांनी तो दगड स्वतःच आणून टेबलावर ठेवला.

वारसा जतनाचे जाणकार हे काम वेगळ्या तऱ्हेनं करतात. आधी चित्र नसलेल्या जागी नखाएवढ्या भागावर चाचणी. मग कागदाच्या लगद्याचा किंवा मातीचा द्रावक मिसळलेला लेप, जो रंग आत ढकलण्याऐवजी बाहेर ओढून घेतो. उरलेलं भिंगाखाली, बारीक पात्यानं. कोरलेली खरवड मात्र भरून येत नाही. फार तर तिची चमक आजूबाजूच्या रंगाशी जुळवून नजरेला कमी खुपेल असं करता येतं.

निर्णयाची तिसरी जागा : तो मोबाइल नंबर

नाव आणि नंबर भिंतीवर उघड लिहिलेला होता. दोघांना तिथूनच फोन लावायचा होता. एकाला भिंतीचा फोटो 'हा पाहा गुन्हेगार' म्हणून पसरवायचा होता. काकूंचं म्हणणं असं की भिंतीवरचं नाव म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव, असं धरता येत नाही. नंबरासह फोटो फक्त सरकारी खात्याला द्यायचा असं ठरलं. पुढे बासाबांकडून कळलं की ज्याचं नाव होतं तो सतरा वर्षांचा मुलगा त्या काळात सुरतेला कामावर होता. मित्रांनी त्याची चेष्टा म्हणून ते कोरलं होतं. फोटो पसरला असता तर त्या मुलाच्या वाट्याला काय आलं असतं, याची कल्पना करवत नाही.

प्रत्यक्ष काय केलं

दुपारी साडेबारा ते तीन नोंदणी झाली. भिंतीपाशी एका वेळी चारच जण, बाकीचे बाहेर. भिंतीचे डावीकडून उजवीकडे सहा भाग पाडले, खुणा कागदावरच. प्रत्येक भागाचे तीन अंतरांवरून फोटो: आजूबाजूच्या परिसरासह दुरून, पूर्ण भाग मधल्या अंतरावरून, आणि नुकसान जवळून. जवळच्या फोटोत मुलांच्या पट्टीवरून केलेली दहा सेंटीमीटरची कागदी मोजपट्टी, भिंतीला न टेकवता बोटभर अलीकडे धरलेली. फ्लॅश बंद. सूर्य समोरून येईपर्यंत, म्हणजे दोनच्या आत, सगळे जवळचे फोटो संपवले, कारण अर्ध्या उन्हातल्या फोटोत गेरू वाचता येत नाही. हरिणीच्या भागाचे सलग १८ फोटो असे घेतले की प्रत्येकात मागच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग यावा. त्यांच्यावरून पुढे त्रिमितीय प्रतिकृती करता येते. प्लॅस्टिक लावून चित्र छापून घ्यायची एक सूचना आली होती. भिंतीला स्पर्श होतो म्हणून ती सोडून दिली.

वहीत प्रत्येक नुकसानीची एक ओळ: भाग क्रमांक, जमिनीपासून उंची, लांबी, प्रकार, जुनं की ताजं, खाली चित्र आहे का. जागेचे अक्षांश-रेखांश फक्त कागदावर. पाणी शिंपडलेली जागाही याच यादीत आली, गटाच्या नावानिशी. काहींना हे जड गेलं. पण ती ओळ नसती तर पुढच्या तपासणाऱ्याला तो डाग पावसाचा वाटला असता आणि त्यानं छतात गळती शोधली असती.

कचरा हातानं उचलला: काच, प्लॅस्टिक, पत्रावळी, दोन पिशव्या भरून. चूल, राख आणि माती जशीच्या तशी ठेवली. एका मुलीला सापडलेली दगडी पाती तिनं फोटो काढून होती तिथेच ठेवली. घरी परतल्यावर एकानं भिंतीचे फोटो डीस्ट्रेच या संगणकीय साधनातून काढले. ते रंगांतला फरक ताणून पुसट गेरू उठवतं. पाणी शिंपडलं होतं त्याच भागात हातात हात घातलेल्या सात आकृत्यांची रांग दिसली. पाणी न लावता ती दिसली असती, आणि अधिक चांगली.

तक्रार कोणाकडे, हा स्वतंत्र प्रश्न होता. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण ही जागा कोणत्याही संरक्षित यादीत नव्हती, ती राखीव जंगलात होती. म्हणून लगेच लागू पडणारा कायदा वनाचा होता: राखीव जंगलात जाळ करणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. एक पानाचं पत्र हिंदीत लिहिलं, सोबत १४ फोटो, हाती काढलेला नकाशा आणि वहीतला तक्ता. प्रती तीन: वनपरिक्षेत्र अधिकारी, जिल्हाधिकारी, आणि भोपाळचं राज्य पुरातत्त्व संचालनालय. प्रत्येक ठिकाणी प्रत देऊन आवक क्रमांक घेतला. मागणी एकच आणि करता येण्याजोगी ठेवली: जीपरस्ता शेवटच्या वळणावर बंद करावा. बासाबांचं ते वाक्य इथे उपयोगी पडलं.

काय निष्पन्न झालं

नवव्या दिवशी वनरक्षक जागेवर जाऊन आला, आणि तीन आठवड्यांत रस्त्यावर आडवी खंती खणून दगड टाकले गेले. पुरातत्त्वाचे लोक यायला सात आठवडे लागले, तेही दोनदा आठवण दिल्यावर. त्यांनी वहीतला तक्ता जसाच्या तसा घेतला, ऑइल पेंटवर कोरड्या दिवसांत लेप लावून पाहण्याची शिफारस केली आणि खरवडी राहतील हे स्पष्ट सांगितलं. लेपाचं काम अजून झालेलं नाही.

फेब्रुवारीत गटातले चौघे त्याच ठिकाणांवरून तेच फोटो घ्यायला गेले. नवं नाव एकही नव्हतं, चूल थंड होती. पण पाण्याचा ओघळ जिथे थांबला होता तिथे, हरणाच्या पोटाखाली, तळहाताएवढ्या लांबीची पांढुरकी कड उमटली होती. ज्यांच्या हातून ते पाणी पडलं होतं ते गृहस्थ त्या चौघांत होते. त्यांनीच तिचं माप घेऊन वहीत लिहिलं.

ग्रुपांवर गेलेला फोटो काढून टाकला होता, तरी तो पाहून दुसऱ्या शहरातले दोन गट जानेवारीत तिथे जाऊन आले, असं गावात कळलं.

पुन्हा करायचं झालं तर

सूचना गाडीत, पहिल्या चहाच्या थांब्याआधी. पाच गोष्टी पुरतात: भिंतीला हात नाही, पाणी नाही, जमीन झाडायची नाही, काही उचलायचं नाही, फोनमधलं स्थान बंद. हे सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि तीनही चुका याच दहा मिनिटांच्या अभावी झाल्या.

तेवीस माणसं जास्त होती. असा आश्रय एका वेळी आठ-दहा जणांना पेलतो. त्याहून अधिक असतील तर दोन तुकड्या, आणि आधी दोघांनी जाऊन मधमाश्यांची पोळी, छत, नुकसान पाहून यावं.

पुसायचं नाही, हा निर्णय बरोबर होता, पण तो लागला काकूंच्या शब्दाच्या वजनामुळे. त्या नसत्या तर थिनर उघडला गेला असता. अशी प्रात्यक्षिकं जागेवर जाण्याआधी, घरच्या दगडावर, सगळ्यांसमोर व्हायला हवीत.

नोंदीच्या किमतीबद्दल गटात कोणाला शंका असेल तर बाघचं उदाहरण जवळचं आहे. धार जिल्ह्यातल्या त्या लेण्यांतली भित्तिचित्रं १९२१ मध्ये चित्रकार नंदलाल बोस आणि सहकाऱ्यांनी नकलून घेतली. मूळ चित्रं पुढे इतकी खालावली की उरलेले भाग भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात ठेवावे लागले. आज तिथली कित्येक दृश्यं त्या नकलांमुळेच वाचता येतात.

एका गोष्टीवर गटाचं अजून एकमत नाही: वाटेच्या सुरुवातीला सूचनेचा फलक लावावा का? फलकानं काहींचे हात थांबतील, पण जागा आहे हे सगळ्यांनाच कळेल. बासाबांचं मत फलक नको, गावातल्या दोन मुलांना वाटाडे म्हणून तयार करावं असं आहे. त्यांच्यासाठी मोजपट्ट्या, वही आणि फेब्रुवारीच्या फोटोंचा छापील संच गावात पोचवला आहे. पुढची फेरी पावसाआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ती मुलंच करणार आहेत.